खुलासा

क्वेरी आली आहे, नंबर, तारीख, सगळं नीट:
“छायाचित्रात रुग्ण सुस्थितीत दिसत आहे.
दाखल करण्याचे कारण स्पष्ट करावे.”
उत्तराला चौकोन दिलाय, अडीचशे अक्षरांचा.
मुदत उद्या संध्याकाळची.

साहेब, किंवा मॅडम, जे कोण असाल ते,
मालन खंडू गोफणे बुधवारी रात्री आली
ती टेम्पोच्या हौद्यात, बेदाण्याच्या रिकाम्या क्रेटांना टेकून.
बोटाला मशीन लावलं तर शहाऐंशी.
ओठ जांभळे.
खोकला मी दारातूनच ओळखला, वीस वर्षं ऐकतोय.
तासगावच्या शेडवर गंधकाच्या वासात बसून बेदाणे निवडते,
दर फाल्गुनात छाती भरून येते.
पण या वेळचा आवाज निराळा होता,
ओल्या पोत्यावरून कुणी चालत यावं तसा.
याला तुमच्या यादीत कोड नाही, मी शोधला.

फोटो त्याच रात्री काढायला हवा होता, कबूल.
पण रेशनकार्डावर मालन, आधारवर मालती,
आणि अंगठा काही मशीनला पटेना.
निवडून निवडून रेषाच गेल्यात.
आमची आरोग्यमित्र, प्रणाली,
दीड दिवस हेल्पलाइन आणि तहसील यांच्यामध्ये लोंबकळत होती.
तोवर मी काय करणार?
मालनला ऑक्सिजन लावला,
मालतीची वाट बघत बसलो नाही.

शुक्रवारी सकाळी नाव जुळलं.
प्रणालीनं मोबाईल धरला.
मालन म्हणाली, थांब की गं, कंगवा दे आधी.
उशीला टेकून बसली, पदर सारखा केला,
नळी वेलासारखी कानामागं बसवली
आणि हसली.
एकटीचा असा फोटो तिचा पहिलाच.
आधारवरचा धरू नका, त्यात डोळे मिटलेत.
लग्नातल्या फोटोत नवऱ्याची आत्या पुढं आलीय.

हसली, हा माझा दोष.
थोडा अँटिबायोटिकचाही.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही.
दत्तू खोताच्या हृदयात मिरजेला दोन स्प्रिंगा बसल्या
आणि म्हैस दावणीलाच राहिली,
हे डोळ्यांनी पाहिलंय.
पण मुलगा म्हणतो, बाबा, बोर्ड काढा.
दहा खाटांचं हॉस्पिटल, सात महिन्यांचे पैसे अडकलेत,
विट्याच्या शहांनी काढला, सुखी झाले.
मी दोनदा बाबालालला शिडी आणायला पाठवलं.
दोन्ही वेळा तो हात हलवत आला.
पेशंट बसलेत, म्हणाला,
जणू शिडी त्यांनीच धरून ठेवली होती.

रात्रीचे अकरा. चौकोनात शेवटी एवढंच मावलं:
“दाखल होताना ऑक्सिजन ८६ टक्के.
एक्स-रे व चार्ट सोबत जोडले आहेत.
छायाचित्र उपचार सुरू झाल्यावर छत्तीस तासांनी काढले.”
बटण दाबलं. पडद्यावरचं चाक
बराच वेळ फिरत राहिलं.

मालन घरी गेली.
जाताना कागदाच्या पुडीत पावशेर बेदाणा ठेवून गेली,
हिरवा, लांबट, एकसारखा निवडलेला.
कुठल्या रजिस्टरला चढवायचा कळेना,
खाऊन टाकला.

हल्ली फोटोआधी प्रणाली सगळ्यांना बजावते,
हसू नका हं.
परवा वासुंब्याच्या एका म्हाताऱ्यालाही म्हणाली.
धाप लागलेली, डोळे खोल गेलेले,
कुठल्याही कागदावर टिकेल असा आजारी माणूस.
त्याला तेवढ्यावरच हसू फुटलं.